कलेजीचा तुकडा कुत्र्यापुढे टाकणाऱ्या दादांस खुले पत्र

दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. त्याची गरजही नाही. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत वाडीवाडीला तुम्ही आहात. राखणीचा बोकड सोलायला तुम्हालाच बोलावणं येतं. धुळवडीच्या तिखटाचे वाटे तुमच्याच हातचे. आखाडात, दसऱ्याला, गौरीच्या सणाला मुंबईहून चाकरमानी उतरले की तुमच्याभोवतीच कोंडाळं करून उभे राहतात. हात चपळ, सुरी धारदार, आणि वाटे घालताना कुणाच्या पदरात हाडं जास्त नि कुणाच्या कमी, असला दुजाभाव नाही. हे तुमचं श्रेय तुम्हाला देतो आणि मग चार खडे बोल सुनावतो. चारचौघांत सुनावतो, कारण तुम्ही जे करता तेही चारचौघांतच करता.

गेल्या राखणीला देवळामागच्या आंब्याला बोकड टांगला होता. तुम्ही पोट उघडलंत, वजडी परातीत काढलीत, मग कलेजी हातात घेतलीत. तिच्या एका कडेला सुपारीएवढा पांढुरका फुगवटा होता. तुम्ही बोटाने दाबून पाहिलात. घट्ट होता, दबून पुन्हा वर आला. सुरीचं टोक लावताच नितळ पाण्याची चिळकांडी उडाली आणि आतून दुधी रंगाची पातळ पिशवी बाहेर लोंबली. "पाण्याचा फोड हाय," तुम्ही म्हणालात, तेवढा तुकडा छाटलात आणि मागे न बघता फेकलात. फोपशावर तसाच आणखी एक फोड होता, तर सबंध फोपसंच त्या वाटेने गेलं. मागे तीन कुत्री जिभा काढून बसली होती. तुकडा जमिनीला टेकलासुद्धा नाही. "मुका जीव हाय, त्याच्या बी तोंडाला लागू दे," हे वरून.

या तुमच्या दानधर्माचा हिशोब आज मांडायचा आहे.

पहिली गोष्ट अशी, की तुम्हाला काहीच कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. तो भाग रोगट आहे हे तुमच्या डोळ्यांनी ओळखलं, म्हणून तर तुम्ही तो माणसांच्या वाट्यातून काढलात. चूक झाली ती पुढच्या क्षणी. तोच तुकडा चुकून एखाद्याच्या रश्शात जाऊन शिजला असता, तर खाणाऱ्याच्या पोटात गाठ झाली नसती. जनावराच्या गाठीतून माणसाला थेट गाठ होत नाही, त्यासाठी मध्ये कुत्रं लागतं. म्हणजे माणसांना वाचवायला म्हणून तुम्ही जो तुकडा बाजूला काढलात, तो नेमका अशा एकाच जागी पोचवलात जिथून तो माणसांवर उलटतो. सगळ्या गावात दुसरी कुठलीही जागा चालली असती. चूल चालली असती, खड्डा चालला असता. तुम्ही कुत्र्याचं तोंड निवडलंत.

आता त्या पाण्यात काय होतं ते ऐका. ती गाठ हायडॅटिडची. एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाच्या पट्टकृमीचं ते लहानपण. गाठीतल्या पाण्याच्या तळाला बारीक कण बसलेले असतात, डॉक्टर त्यांना हायडॅटिडची वाळूच म्हणतात. त्यातला एकेक कण म्हणजे आकडे नि चूषक तयार असलेलं कृमीचं एकेक डोकं. कुत्र्याने ती गाठ कच्ची गिळली की ही हजारो डोकी त्याच्या लहान आतड्याला चिकटतात. सहा-सात आठवड्यांत कृमी वयात येतात. लांबी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर, अंगाला तीन-चार कडी. शेवटच्या कड्यात शेकडो अंडी. पिकलेलं कडं तुटून विष्ठेतून बाहेर पडतं, मागे नवं तयार होतं. कुत्र्याला याचा पत्ता नसतो. ते खातं-पितं, शेपूट हलवतं, पोरांच्या मागे धावतं. त्याच्या विष्ठेत एवढे बारीक कृमी डोळ्यांना दिसत नाहीत, अंडी तर त्याहून दिसत नाहीत. त्यामुळे "आमचा मोत्या चांगला ठणठणीत आहे," हे तुमचं प्रमाणपत्र इथे कामाचं नाही.

ही अंडी अंगणात पडतात, परसात पडतात, पाणवठ्यावर पडतात. ओलाव्यात आणि सावलीत ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि ओलावा म्हटलं तर आपल्या भागात काय कमी आहे? कुत्रं आपलं अंग चाटतं, तेव्हा ती त्याच्या केसांना लागतात. मग ते पोराचं तोंड चाटतं. पोर त्याच्या गळ्यात हात टाकतं आणि त्याच हाताने भाकरी खातं. परसातली कोथिंबीर नुसती झटकून वाटणात जाते. शेळ्या, मेंढ्या, गुरं, म्हशी त्याच जागी चरतात. अंडं पोटात गेलं की सहा आकड्यांचा गर्भ बाहेर येतो, आतड्याची भिंत भेदून रक्तात उतरतो, आणि रक्त त्याला नेऊन सोडतं बहुतेक वेळा यकृतात. तिथून निसटला तर फुफ्फुसात. क्वचित मेंदूत, मूत्रपिंडात, हाडात. आणि तिथे पाण्याची गाठ धरते. जनावरात धरली तर पुन्हा तुमच्या सुरीखाली येते आणि तुम्ही ती पुन्हा कुत्र्यापुढे टाकता. माणसात धरली तर त्या माणसाला ती भोगावी लागते.

आमच्या नात्यातल्या एका काकूंचं सांगतो. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकी कधी चुकली नाही, घरात मटण शिजलेलं नाही. उजव्या बरगडीखाली जड जड वाटायचं. पित्त म्हणून ओवा झाला, आलं-लिंबू झालं, गोळ्या झाल्या. शेवटी सोनोग्राफी केली तेव्हा यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ निघाली. पुढचं सगळं मुंबईला. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, कुत्रं आणि मेंढी यांचा संबंध सांगितला, तेव्हा काकूंचा एकच प्रश्न होता: "मी जन्मात कधी खाल्लं नाही, मग माझ्याच पोटात कसं?" दादा, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यापेक्षा तुम्हाला विचारायला हवा होता. काकूंनी बोकडाला कधी हात लावला नाही. कुणा तुमच्यासारख्याने फेकलेला वाटा मात्र त्यांच्या पोटात वर्षानुवर्षं वाढत राहिला. हा रोग माळ बघत नाही आणि ताटही बघत नाही. रोज अंगण झाडणाऱ्या, सारवणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या बाईला आणि मातीत खेळणाऱ्या पोराला तो आधी गाठतो.

ही गाठ वाढते सावकाश, वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. दहा-दहा वर्षं माणसाला कळत नाही. लहानपणी वाडीत कुत्र्याच्या पिल्लाशी खेळलेला मुलगा पुढे नोकरीला मुंबईत जातो, आणि गाठ सापडते ती परळच्या एखाद्या रुग्णालयात. केस पेपरवर पत्ता लालबागचा नाही तर दिव्याचा. मग पोलादपूरच्या वाडीत बसून तुम्ही खुशाल म्हणू शकता, "आमच्याकडे असलं काय नाय." नाही कसं? तुम्ही टाकता इथे आणि उगवतं तिथे, म्हणून तुम्हाला दिसत नाही एवढंच.

आणि सापडल्यावर तरी सुटका सोपी आहे का? गाठ पोटात फुटली, पडल्याने, मार लागल्याने किंवा नकळत कुणी सुई घातल्याने, तर आतल्या पाण्याची जोरदार ॲलर्जी येऊन रक्तदाब कोसळू शकतो, जीव जाऊ शकतो. सांडलेल्या वाळूतला एकेक कण पुन्हा नवी गाठ धरू शकतो. म्हणून शस्त्रक्रिया करताना सर्जन आधी गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले कपडे रचतात, पाणी थेंबही सांडू न देता ओढून घेतात, आत कृमी मारणारं द्रावण भरून काही मिनिटं थांबतात, आणि मग ती दुधी पिशवी सोडवून काढतात. काही गाठी सोनोग्राफीत बघत सुईने रिकाम्या करता येतात. त्यासाठी आधीपासून अल्बेंडाझोल चालू लागतं आणि नंतरही ते काही काळ चालू ठेवावं लागतं, मध्ये मध्ये रक्त तपासावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सरासरी २.२ टक्के रुग्ण दगावतात आणि ६.५ टक्के रुग्णांत रोग उलटतो. जगात कोणत्याही वेळी १० लाखांहून जास्त माणसं या पट्टकृमींच्या गाठींनी आजारी असतात. ज्या ऑपरेशन थिएटरात पाण्याच्या एका थेंबासाठी एवढी दक्षता घेतात, तेच पाणी तुम्ही देवळामागच्या आंब्याखाली सुरीच्या टोकाने उडवता आणि हात पंचाला पुसता.

शाळेत जंताची गोळी मिळते, मग कसला आलाय रोग, असं तुमचं एक म्हणणं असतं. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला, आपलं राज्य पहिल्याच फेरीत होतं, आणि ती गोळी पोरांना मिळायलाच हवी. पण ती पोरांच्या आतड्यातल्या गोल जंतांसाठी आहे. यकृतात बसलेली पाण्याची गाठ एका गोळीने जात नाही. या रोगात औषध द्यायची खरी जागा पोराचं तोंड नाही, कुत्र्याचं तोंड आहे. जिथे तुम्ही गाठ टाकता तिथेच.

तुमच्या सुरीचे आणखी दोन पराक्रम सांगून टाकतो. वजडीच्या चरबीला कधी कधी पाण्याने भरलेली मऊ पिशवी लोंबते. ती वेगळ्या पट्टकृमीची, पण तीही कुत्र्याच्या पोटातूनच आलेली आणि कुत्र्याच्या पोटात परत जायला टपलेली. शेळी किंवा मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गरगर फिरायला लागते, भिंतीला डोकं लावून उभी राहते, चारा सोडते. घरात म्हणतात बाधा झाली, नजर लागली. तिच्या मेंदूत गाठ असते, तिसऱ्या एका पट्टकृमीची. असली शेळी मरायच्या आत कापायची म्हणून तुमच्याकडे येते, आणि मुंडी फोडल्यावर जे फेकायचं ते पुन्हा त्याच तीन कुत्र्यांपुढे. म्हणजे शेळीवाल्याची पुढची शेळी तुम्ही याच बैठकीत आजारी पाडून ठेवता. त्याच्याकडून सोलण्याचे पैसे घेताना हेही त्याला सांगत जा.

आता बोकड सोडून मोठ्या जनावराकडे येऊ, कारण तिथे तुमचा हिशोब आणखी वाढतो. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं. तिथल्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातल्या खाण्याच्या जनावरांमधल्या हायडॅटिड गाठींचे वाण त्यात तपासले होते. सर्वांत जास्त सापडला तो म्हशीशी जुळलेला वाण. म्हैस आपल्याकडे बोकडासारखी वर्षा-दोन वर्षांत कापली जात नाही, ती वर्षानुवर्षं चरते, दूध देते, म्हातारी होते. तेवढा वेळ गाठीही वाढतात, त्यातली वाळूही तयार होते. डोंगरावरच्या धनगरवाड्यांत, खालच्या गावांत, म्हैस मेली की चार जण दोर लावून ओढतात आणि ओढ्यापलीकडे रानाच्या कडेला टाकून येतात. त्या चार जणांत तुम्ही असताच. रात्री कुत्री येतात, कोल्हेही येतात. दोन-तीन दिवसांत हाडं उरतात आणि तुम्ही म्हणता, साफ झालं.

पूर्वी साफ होत होतं, हे खरं आहे. तेव्हा गिधाडं होती. मेलेलं ढोर टाकलं की आभाळातून घिरट्या घालत उतरायची आणि काही तासांत सांगाडा करून जायची. गिधाडाच्या पोटात हा पट्टकृमी वाढत नाही. त्याला कुत्र्याच्या कुळातलंच आतडं लागतं. म्हणजे गिधाडाने खाल्लेली गाठ तिथेच संपत होती. मग गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी केली आणि १९९० नंतर देशभरातून ती झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांसाठी हे औषध वापरण्यावर २००६ मध्ये बंदी आली. आपल्या महाड तालुक्यात नाणेमाचीच्या कड्यावर गिधाडांची घरटी उरली आहेत. महाडचीच सिस्केप ही संस्था आणि तिचे प्रेमसागर मेस्त्री यांनी तिथे आणि म्हसळ्याकडच्या चिरगावात ती टिकवण्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. मेलेलं जनावर गिधाडांपर्यंत पोचावं म्हणून हे लोक धडपडतात, आणि तुम्ही तेच जनावर कुत्र्यांच्या वाटेवर टाकून मोकळे होता. गिधाड गेलं, त्याची जागा कुत्र्याने घेतली, आणि ज्या गाठी आभाळात संपत होत्या त्या आता आपल्या अंगणात उतरतात.

कुत्र्यांना दोष देण्यासाठी हे पत्र नाही, हे इथेच स्पष्ट करतो. कारण हे वाचून उद्या कुणी विषाच्या गोळ्या घेऊन निघायचा. कुत्रं मारणं हा गुन्हा आहे, आणि एक मेलं तर त्याची जागा घ्यायला दुसरं येतंच. कुत्र्याने काय खावं हे त्याने ठरवलेलं नाही. तुम्ही ठरवलंत.

"हे सगळं परदेशातलं शास्त्र, आपल्याकडे कुठे जमतंय," हे तुमचं ठेवणीतलं वाक्य. तर ऐका, परदेशात हे कुणी आणि कधी जमवलं. आइसलँड हा मेंढ्यांचा देश, घरोघर कुत्री. १८६३ साली डेन्मार्कचे हाराल्ड क्राबे तिथे गेले. त्यांनी तपासलेल्या कुत्र्यांपैकी चारातल्या एकाहून जास्त कुत्र्यांत हा कृमी निघाला. गाठींनी माणसं हैराण झालेली. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, आजची कुत्र्याची गोळी सापडायला शंभर वर्षं अवकाश होता. क्राबेंनी साध्या भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती घरोघर वाटली गेली. तिचा मुद्दा एवढाच, की गाठीचे अवयव कुत्र्याला मिळू देऊ नका. पुढे तसा कायदाही झाला. हिवाळ्यात दिव्याच्या उजेडात लोकांनी ते वाचलं आणि पाळलं. विसाव्या शतकात तो रोग तिथून हद्दपार झाला. वाचून शहाणं व्हायला त्यांना दुसरं काही लागलं नाही. तुमच्या खिशात तर स्मार्टफोन आहे.

न्यूझीलंडने १९५९ मध्ये खास कायदा केला. कच्चे अवयव कुत्र्याला घालणं बंद, आणि कुत्र्यांना ठरलेल्या वेळी औषध. त्या काळात कुत्र्यांना जुलाब देऊन कृमी पाडायला वापरत ते ॲरेकोलिन. हे द्रव्य कशात असतं ठाऊक आहे? सुपारीत. आपल्याच जिल्ह्यात श्रीवर्धनला रोठा सुपारी पिकते. सुपारीतल्या द्रव्याने दुसऱ्या टोकाच्या देशाने आपली कुत्री स्वच्छ केली, आणि तुम्ही तीच सुपारी चघळत रोगट फोपसं फेकता. (कुत्र्याला सुपारी घालू नका. आता त्याहून चांगलं आणि सुरक्षित औषध आहे.) २००२ साली न्यूझीलंडने आपण या रोगातून मुक्त होत आल्याचं जाहीर केलं. मेंढ्यांसाठी लसही निघाली आहे, चीन आणि अर्जेंटिना ती वापरतात. पण लस नव्हती तेव्हाही देश सुटले, कारण फेकणारे हात आधी थांबले.

तुमच्या बाकीच्या सबबी मला पाठ आहेत. "कुत्री माझी नाहीत, गावाची आहेत." बरोबर, म्हणूनच गाठ गावाला होते. "आजवर कुणाला काही झालं नाही." झालं, पण दहा वर्षांनी आणि मुंबईत. "खड्डा कुठे खणू, हातभर खाली कातळ लागतो." हे मात्र मी मान्य करतो, आणि इथे तुमच्याबरोबर तुमच्या गावकीला आणि ग्रामपंचायतीलाही उभं करतो. देवळाचा सभामंडप बांधायला वर्गणी निघते, मुंबईकर मंडळाची पावतीपुस्तकं येतात, पेव्हर ब्लॉक बसतात. जिथे वर्षानुवर्षं बोकड कापला जातो तिथे झाकणाचा एक पक्का खड्डा बांधायला कुणाला सुचत नाही. शहरात तर कायदाच आहे. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार नगरपालिका हद्दीत मान्य कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही, आणि कापण्याआधी व कापल्यानंतर पशुवैद्यकाने तपासायचं असतं. रविवारी सकाळी दुकानापुढे रांग लावून उभे राहणाऱ्यांनी एकदा तरी विचारावं, हे तपासलंय का, आणि उरलेलं जातं कुठे? नगरपालिकेने, नगरपंचायतीने भटकी कुत्री पकडून निर्बीजीकरण आणि रेबीजची लस करायची असतेच. कुत्रं हातात आलेलं असताना त्याच वेळी जंताचं औषध पाजायला वेगळी मोहीम लागत नाही.

आपण शिकत नाही असंही नाही. सावित्रीचं पाणी गावात शिरून ओसरलं की लेप्टोची भीती असते, चिखलात अनवाणी जायचं नाही, सरकारी दवाखान्याची गोळी घ्यायची, हे इथे शेंबडं पोरही सांगतं. कुत्रं चावलं की जखम साबणाने धुवून इंजेक्शनला धावायचं, हेही कळलंय. एवढं कळलेल्या मुलखाला हा तिसरा धडा जड नाही.

तेव्हा आता काय करायचं ते सांगतो, म्हणजे नंतर "कुणी सांगितलं नाय" ही वाट उरणार नाही.

कलेजी, फोपसं, तिल्ली, गुर्दा, कुठेही पाण्याची गाठ दिसली तर तिला सुरी लावायची नाही. सबंध अवयव तसाच बाजूच्या झाकणाच्या डब्यात. चांगला दिसणारा भागही कच्चा कुत्र्याला नाही, कारण बारीक गाठ आत लपलेली असते. डबा खड्ड्यात रिकामा करायचा. खड्डा असा खोल, की कुत्र्याला उकरता येणार नाही. वरून चुना, माती आणि मोठे दगड. कातळामुळे खणणं अशक्य असेल तर जाळायचं, नाही तर मोठ्या टोपात पाऊण तास खळखळ उकळायचं. एवढं उकळल्यावर कृमी मरतो, आणि मग हवं तर तेच कुत्र्याला घाला. मुक्या जीवाचा कळवळा असेल तर त्याच्यासाठी एवढं सरपण जाळायला हरकत नसावी.

कुत्र्याला प्राझिक्वांटेल. वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम. मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यायची आणि वर्षातून निदान चार वेळा द्यायची. तारखा लक्षात राहत नसतील तर सण धरा: शिमगा झाल्यावर, आखाडाच्या तोंडावर, दसऱ्याला आणि पौषात. औषधानंतर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवायचं आणि त्याची विष्ठा उचलून जाळायची किंवा पुरायची, नाही तर पडलेली अंडी अंगणातच राहतात. वाडीतल्या बिनमालकाच्या कुत्र्यांसाठी गावकीने वर्गणीतून गोळ्या आणाव्यात. एका बोकडाच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

पोरांना कुत्र्याचं तोंड चाटू द्यायचं नाही, खेळून आल्यावर साबणाने हात. कोथिंबीर, मेथी, मुळा पाणी बदलून धुवायचा. मेलेलं मोठं जनावर पुरायचं. पोटात उजव्या बाजूला दीर्घकाळ जडपणा, गोळा, किंवा न जाणारा खोकला असेल आणि घरात कुत्री-शेळ्या असतील, तर डॉक्टरांना तसं आपणहून सांगायचं आणि सोनोग्राफी करून घ्यायची.

यात तुमच्या वाट्याचं काम सगळ्यांत थोडं आहे आणि सगळ्यांत आधीचं आहे. डॉक्टर गाठ काढतील, पशुवैद्यक औषध देतील, पण दोघेही तुमच्या मागून येतात. या रोगाची साखळी कुत्रं तोडू शकत नाही, शेळी तोडू शकत नाही, काकू तर नाहीच नाही. ती एकाच ठिकाणी फुकटात तुटते: जिथे कलेजीचा तुकडा तुमच्या हातात असतो आणि तुम्ही तो कुठे टाकायचा हे ठरवता. वाडीत तुमचा शब्द चालतो. तुम्ही "आधी खड्डा" म्हणालात तर चार तरणी पोरं पहार घेऊन उभी राहतील. माझ्यासारख्याने दहा पत्रं लिहून जे होणार नाही ते तुमच्या एका वाक्याने होईल, म्हणूनच एवढं कडक लिहिलं.

येत्या राखणीला मी असणार आहे. देवळामागे खड्डा खणलेला दिसला नाही तर बोकड उभा करू देणार नाही, मग गावकीने मला वाळीत टाकलं तरी चालेल. आणि पहिली पहार मारायला माणूस कमी पडत असेल तर मला हाक मारा.

तुमच्याच वाडीतला,
एक गावकरी